थोरली, धाकटी आणि डावीकडची खुर्ची

हिंगणघाटात मला लोक 'विमानवाले वानखेडे' म्हणतात. निवृत्त होऊन इथं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारचे कापसाच्या जिनिंगवाले घरी आले. "माह्या नातवाले पायलट व्हायचं आहे. तुम्ही किती वर्षं उडवलं विमान?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एक मिनिटसुद्धा नाही." चहा पिऊन, जरा रुसूनच ते गेले. तेव्हापासून भेटेल त्याला समजावून सांगतो आहे, की मी विमान कंपनीत होतो हे खरं, पण माझं काम जमिनीवरचं होतं. पगार, भत्ते, बढत्या यांवरून वैमानिकांची आणि कंपनीची जुंपली की दोघांच्या मधे जो माणूस बसवतात, तो मी. दोन्हीकडून बोलणी खायची आणि चेहरा हसरा ठेवायचा. नोकरीचा मोठा भाग हाच होता आणि मला तो आवडायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

हा धंदा मी घरीच शिकलो. वडील इथल्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि युनियनचं कामही बघायचे. बोनसची बोलणी सुरू झाली की आमच्या ओसरीवर माणसं जमायची. मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून सगळं ऐकायचो. तिथं एक गोष्ट कळली, ती पुढं जन्मभर उपयोगी पडली. माणूस स्वतःला किती मिळतं यावर फारसा भांडत नाही. शेजारच्या साच्यावरच्याला आपल्यापेक्षा जास्त का मिळतं, यावर तो जिवाच्या कराराने भांडतो. चार पट्ट्यांचा गणवेश घातलेला कॅप्टनही याला अपवाद नसतो.

आमचे एक ज्येष्ठ कॅप्टन होते. त्यांना घरून विमानतळावर न्यायला येणारी गाडी पांढरीच हवी असे. करड्या रंगाची गाडी आली की ते खाली उतरायचेच नाहीत आणि विमान खोळंबायचं. मी एकदा त्यांच्या घरी जाऊन कारण विचारलं. आधी म्हणाले, पांढरा रंग थंड राहतो. मग चहा आला, बिस्किटं आली आणि खरं कारण बाहेर पडलं. त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या कंपनीचा एक पायलट राहायचा आणि त्याला रोज पांढरी गाडी यायची. मी त्यांना कायमची पांढरी गाडी लावून दिली. पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे एकही तक्रार केली नाही.

आणखी एक गंमत बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. वैमानिक सहसा संप करत नाहीत, आजारी पडतात. सकाळी एकाचं पोट दुखतं, दुपारी सात जणांचं आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या विमानांना उडवायला माणूस नसतो. अशा एका साथीत मी केळी घेऊन एका कॅप्टनच्या समाचाराला गेलो, तर स्वारी खाली बॅडमिंटन खेळत होती. मला बघून त्याने रॅकेट पाठीमागे लपवली. मी केळी दिली आणि म्हटलं, "काळजी घ्या, अशक्तपणात जास्त स्मॅश मारू नका." दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. ज्यासाठी तो आजारी पडला होता तो मुद्दा खरा होता, म्हणून तोही पुढं सोडवला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आमच्या कंपनीचं दुसऱ्या एका कंपनीशी विलीनीकरण झालं. नावं घेत नाही. जुन्या, मोठ्या कंपनीला मी थोरली म्हणतो आणि नव्या, लहान कंपनीला धाकटी. घरातही आम्ही हीच नावं वापरायचो. बायको विचारायची, "आज कोण रुसली?" विमानांवर नवा रंग चढला, हवाईसुंदरींच्या साड्या एकसारख्या झाल्या, वर्तमानपत्रात दोन मालकांचा हात मिळवतानाचा फोटो आला. मग वैमानिकांचे पगार एक करायची वेळ आली आणि माझी झोप गेली.

विमानाच्या पुढच्या भागात दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. विमान दोघंही उडवतात, पण शेवटचा शब्द डावीकडच्याचा. त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या, उजवीकडच्याच्या तीन. एका पट्टीचा फरक, पण पगार जवळपास दुप्पट होतो. उजवीकडून डावीकडे जायला माणूस वर्षानुवर्षं वाट बघतो. कंपनीत नवी विमानं येत राहिली तर पाळी लवकर येते, नाही आली तर केस पांढरे होतात. थोरलीत बरीच वर्षं नवी विमानंच आली नव्हती, त्यामुळे तिथं चाळिशी ओलांडलेले अनुभवी सहवैमानिक उजवीकडेच बसलेले होते. धाकटीत विमानं भराभर आली, त्यामुळे तिशीतली पोरं कॅप्टन झाली होती.

विलीनीकरणानंतर प्रश्न आला, की आधी कोण? थोरलीचे म्हणत, नोकरीला जो आधी लागला तो वर. मग धाकटीच्या तरुण कॅप्टनांना उठून उजवीकडे जावं लागणार होतं. धाकटीचे म्हणत, डाव्या खुर्चीवर जो आधी बसला तो वर. मग थोरलीच्या लोकांची पाळी आणखी लांबणार होती. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि म्हणूनच मिटत नव्हतं.

पगाराची रीतही वेगळी होती. थोरलीत विमान उडो न उडो, ठरलेल्या तासांचा पगार मिळायचा. धाकटीत जेवढे तास उडाल तेवढे पैसे, पण तासाचा दर भारी. पावसाळ्यात उड्डाणं रद्द झाली की थोरलीचा सहवैमानिक शेजारी बसलेल्या धाकटीच्या कॅप्टनपेक्षा जास्त पैसे घेऊन घरी जायचा. लग्नसराईत नेमकं उलटं. एकाच विमानात शेजारी बसून दोघं वेगवेगळ्या हवामानाची वाट बघत असत.

त्या काळात ते एकमेकांशी बोलायचेही नाहीत. दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय गप्पा मारायच्या नाहीत, असा वैमानिकांचा नियम असतो. आमच्या मंडळींनी तो पार पस्तीस हजार फुटांपर्यंत नेला. हवाईसुंदऱ्या मला सांगायच्या, "सर, चहा द्यायला आत गेलं तरी श्राद्धाला आल्यासारखं वाटतं." कामाचं जेवढं बोलणं आवश्यक तेवढं ते चोख बोलायचे, त्यामुळे प्रवाशांना कधी धोका झाला नाही. पण दिल्लीपासून चेन्नईपर्यंत एकमेकांकडे न बघता बसणं सोपं नसतं.

धाकटीच्या वैमानिकांचा पुढारी होता कॅप्टन भोयर. बोरच्या धरणाजवळच्या हिंगणीचा, शेती करणाऱ्या कास्तकाराच्या घरचा. मी हिंगणघाटचा असल्याने त्याला मी जवळचा वाटायचो आणि माझ्याशी एकटा असला की तो आपल्या बोलीवर यायचा. तो कॅप्टन झाला तेव्हा गावाने ट्रॅक्टरवर बसवून बँड लावून त्याची मिरवणूक काढली होती. कुणीतरी मोबाइलवर पाहून साऱ्या गावाला सांगितलं होतं, की खरा साहेब डावीकडे बसतो. तेव्हापासून हिंगणीच्या पानठेल्यावरसुद्धा डाव्या खुर्चीची चर्चा चालायची.

थोरलीच्या बाजूने बोलायला असायचा राघवन. वयाने भोयरपेक्षा मोठा, हुशार, शांत आणि अजून सहवैमानिक. इंग्रजीत बोलायचा, क्वचित हिंदीत. सगळे त्याला मद्रासचा समजत. त्याचे वडील रेल्वेत होते आणि तो नागपूरच्या अजनीत लहानाचा मोठा झाला होता, हे फक्त मला माहीत होतं. एकदा तो एका रिक्षावाल्याशी अस्सल नागपुरी मराठीत घासाघीस करताना मी ऐकलं होतं. "कोणाले सांगू नका सर," तो हसून म्हणाला होता. "माझा चेहरा पाहून लोक माझ्यासमोर मराठीत मोकळं बोलतात. फार कामी येतं."

दिल्ली थोरलीचं माहेर, मुंबई धाकटीचं. म्हणून शेवटची बैठक नागपूरला ठेवली. कंपनीने सांगून टाकलं होतं, की रविवार संध्याकाळपर्यंत तुमचं तुम्ही जुळवा. नाही जुळलं तर नोकरीला लागल्याची तारीख धरून आम्ही क्रम लावू. म्हणजे भोयर आणि त्याच्यासारखे कितीतरी जण उजव्या खुर्चीत जाणार. थोरलीला हे फायद्याचं दिसत होतं, पण धाकटीवाले लगेच कोर्टात जाणार होते, स्थगिती आणणार होते आणि मग राघवनसुद्धा निवृत्तीपर्यंत होता तिथंच राहणार होता.

पहिल्याच दिवशी, शुक्रवारी, भोयरने एक मुद्दा मांडला आणि वातावरण बिघडलं. तो म्हणाला, थोरलीचे सहवैमानिक इतकी वर्षं उजवीकडे बसून सुस्तावले आहेत, निर्णय घ्यायची सवय त्यांना राहिलेली नाही, ते डाव्या खुर्चीसाठी तयारच नाहीत. समोर राघवन बसला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. वैमानिकाला त्याच्या हातच्या कसबावरून बोलणं म्हणजे फार झालं. शनिवारपर्यंत बैठक जागची हलली नाही.

शनिवारी संध्याकाळी भोयर मला हॉटेलच्या गच्चीवर घेऊन गेला. "भाऊ, मी बसतो उजवीकडं. पगार कमी होईन, थेही चालते. पण गावात कोण्या तोंडानं जाऊ? माह्या मायले काय सांगू?" त्याचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं. दोन्ही बाजूंच्या मधे बसायचं असतं म्हणून मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी दुपारी जेवणासाठी सुट्टी होती. भोयरच्या आईने, तो कॅप्टन व्हावा म्हणून, केळझरच्या गणपतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. पोराला सवड मिळेना म्हणून नवस फेडायचा राहिला होता. तो नागपुरात आला आहे म्हटल्यावर तिने त्याच दिवशी स्वयंपाक मांडला आणि निरोप धाडला, की संगतीच्या साऱ्या साहेबांना घेऊन ये. मी दोन्हीकडच्या मंडळींना गाडीत घातलं. तासाभराचा रस्ता, सगळे खिडकीतून बाहेर बघत गेले.

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जाड्या कणकेच्या पुऱ्या एकावर एक रचून त्यांचा गोळा करतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. फोडून त्यावर तूप घालायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. देवळाच्या पायथ्याशी झाडाखाली पंगत बसली. भोयर आणि राघवन नेमके शेजारी आले, त्याला कारण भोयरची आई. तिने ज्याला जिथं बसवलं तिथं तो बसला.

पत्रावळीवर रोडगा पडला आणि राघवनचा हात थांबला. त्याने हळूच विचारलं, "कॅप्टन क्या ले रहे हैं?"

इतरांना हा प्रश्न विचित्र वाटला असेल, मला लगेच कळला. एकाच विमानावर जाणारे दोन वैमानिक एकच अन्न खात नाहीत. अन्नातून बाधा झालीच तर एकाला व्हावी, दुसरा उभा राहावा, यासाठी ही काळजी. विमानात तर दोघांना वेगवेगळी ताटं देतातच, पण मुरलेले वैमानिक उड्डाणाच्या आदल्या दिवसापासून ते पाळतात. आणि ड्यूटी लावणाऱ्या संगणकाला आमची भांडणं माहीत नसल्याने त्याने सोमवार सकाळच्या नागपूर-मुंबई विमानावर नेमकं या दोघांनाच लावलं होतं.

भोयरनेही सवयीनेच उत्तर दिलं, "आप रोडगा लीजिए. मैं दूसरा कुछ लेता हूँ." आणि आईकडे वळून म्हणाला, "मले रोडगा नको वाढू माय. घरून भाकर आणली असन ना, थे दे."

तुपाची वाटी घेतलेली आई जागीच थांबली. "काऊन? तुह्यासाठी नवस बोलली मी. तूच नाई जेवत तं देवाले काय सांगू?"

भोयरने खाली मान घालून नियम सांगितला. ऐकता ऐकता तिचा चेहरा लाल झाला.

"माह्या हातचं खाऊन तू बिमार पडशीन?"

"तसं नाई वो माय. नियम आहे थो."

"बरं, पडला तू बिमार. मंग विमान कोण उतरवते?"

"हे उतरवते," भोयरने राघवनकडे नुसती मान हलवली.

"त्याले येते? का लोकायले घेऊन पडते?"

पंगतीत दुसरं कुणी ऐकत नव्हतं. राघवनला मराठी कळतं हे भोयरला ठाऊक नव्हतं. भोयरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग आईला म्हणाला, "येते माय. माह्याहून चांगलं येते. मुंबईले एकदा आडवा वारा होता, पाऊस होता. मी मागच्या जादा खुर्चीवर बसून होतो. असं उतरवलं यानं, का मले अजून तसं जमलं नाई."

मी घास हातातच धरून बसलो. दोन दिवस हा पोरगा नेमकं याच्या उलट बोलत होता आणि आईने चिडून विचारल्यावर त्याला खोटं बोलता आलं नाही.

"मंग कायची भीती? खा चुपचाप," आई म्हणाली.

भोयर तरी घुटमळत होता. तेवढ्यात राघवनने आपल्या पत्रावळीवरचा अख्खा रोडगा उचलून त्याच्या पत्रावळीत ठेवला आणि म्हणाला, "माताजी, हमको भाकरी दीजिए. हमको भाकरी बहुत पसंद है." भोयरला वाटलं, नियमासाठी केलं. मला माहीत होतं, की त्याने प्रत्येक शब्द ऐकला होता.

परतीच्या वाटेवर मी संध्याकाळचा हिशेब मांडत होतो. राघवनच्या हाती आता हुकमाचा एक्का होता. संध्याकाळी त्याने नुसतं म्हटलं असतं, की कॅप्टन भोयर दुपारी स्वतःच्या आईजवळ काय बोलले ते वानखेडेसाहेबांना विचारा, तरी खेळ संपला असता. मला खोटं बोलता आलं नसतं, धाकटीची बाजू तिथंच पडली असती आणि भोयरची खुर्ची गेली असती.

वैमानिकांच्या वाटाघाटी गिरणीसारख्या रात्रभर चालत नाहीत. सकाळी उड्डाण असलं की आदल्या दिवशी ठरलेली विश्रांती घ्यावीच लागते, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत आम्हाला उठायचं होतं. बैठक सुरू होताच धाकटीच्या एकाने तोच मुद्दा पुन्हा काढला, थोरलीचे लोक तयार नाहीत म्हणून. मी राघवनकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. बोलला काहीच नाही. एवढी वर्षं या धंद्यात काढली, पण हातात आलेला डाव कुणी असा खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

भोयरने घसा साफ केला. "तो मुद्दा मीच मांडला होता. मी तो मागे घेतो. तो खरा नाही."

त्याच्या बाजूची माणसं त्याच्याकडे बघतच राहिली. शेजारचा दबक्या आवाजात म्हणाला, "वेडा झालास का? तुझीच खुर्ची जाईल."

"गेली तर गेली," भोयर म्हणाला. "मी यांच्याबरोबर उद्या उडणार आहे. खोटं बोलून शेजारी कसा बसू?"

मग राघवनने पेन टेबलावर ठेवलं. "माझंही एक म्हणणं आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "जे डावीकडे बसले आहेत त्यांना कुणीही उठवायचं नाही. पुढं ज्या जागा निघतील त्या आधी आमच्या ताटकळलेल्यांना द्या." आता थोरलीची माणसं त्याच्यावर उखडली. खुर्च्या सरकल्या, दोघं तर बाहेर निघून गेले. मी चहा मागवला. मोठ्या आवाजाला चहासारखा उतारा नाही. बाहेर गेलेले दोघंही चहासाठी आत आले.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. जे डावीकडे आहेत ते तिथंच राहतील. पुढच्या डाव्या जागा आधी थोरलीच्या जुन्या सहवैमानिकांना मिळतील. एका खुर्चीला एकच पगार, मग बसणारा कोणत्याही घरून आलेला असो. त्यात ठरलेल्या तासांची हमी राहील, थोरलीपेक्षा थोडी कमी, आणि त्यावर उडालेल्या तासांचे जादा पैसे. थोरलीचे लोक वर येईपर्यंत धाकटीच्या कॅप्टनांची पगारवाढ थांबेल. आमच्या वरच्या साहेबांनी फोनवर कुरकुर केली, फार महाग पडतं म्हणाले. मी म्हटलं, "एक आठवडा सगळ्यांची पोटं दुखली तर याहून महाग पडेल." त्यांनी होकार दिला.

खाली गाडीपाशी राघवन भोयरला म्हणाला, "मले मराठी समजते भाऊ. अजनीचा आहो मी."

भोयरचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे दुपारी..."

"मंग भाकर काय उगाच मागितली? रोडगे माझ्याही आवडीचे आहेत." दोघं हसले. सोमवारी सकाळी त्या विमानातून मीही मुंबईला गेलो. चहा देऊन आलेली हवाईसुंदरी मला हसत सांगायला आली, "सर, आत आज फार गडबड आहे. दोघं थांबतच नाहीयेत बोलायचे."

या तडजोडीने सगळेच सुखी झाले असं मात्र नाही. भोयरला त्याच्या माणसांनी फितूर म्हटलं आणि संघटनेच्या पुढच्या निवडणुकीत पाडलं. धाकटीतली एक तरुण सहवैमानिक मुलगी माझ्या केबिनमध्ये येऊन शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही माझी वर्षं देऊन हे भांडण मिटवलंत." तिची पाळी खरोखरच लांबली होती. तिची आठवण आली की अजूनही टोचतं. पण कॉकपिटमधलं बोलणं पुन्हा सुरू झालं, कुणी कुणाला उठवलं नाही, आणि माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

मी निवृत्त झालो. त्यानंतर एकदा मुलीकडे मुंबईला निघालो होतो, तसं भोयरला कळवलं, तेव्हा त्याचा फोन आला. "भाऊ, माय येऊन राह्यली तुमच्याच विमानानं, नातवाले पाहाले. पहिल्यांदाच बसते. तिले संगतीनं घेऊन येजा. विमान माह्याचकडं आहे."

नागपूरला आम्ही दोघं विमानात चढलो. प्रवासी येत असताना कॉकपिटचं दार उघडं असतं. म्हातारीने वाकून आत पाहिलं आणि तिचे पाय तिथंच खिळले. डाव्या खुर्चीत राघवन बसला होता. तिचा मुलगा उजवीकडे होता. पाठमोऱ्या भोयरला आम्ही दिसलो नाही. मागून लोक खोळंबले म्हणून मी तिला जागेवर आणून बसवलं.

विमान वर गेलं तरी तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. हात पदरात गुंडाळून बसली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, खरं सांगा. उतरवलं ना माह्या पोराले?"

मी तिला समजावून सांगितलं. सहवैमानिक डाव्या खुर्चीवर आला की काही दिवस त्याला एका जाणत्या कॅप्टनबरोबर उडावं लागतं. तेव्हा शिकणारा डावीकडे बसतो आणि शिकवणारा उजवीकडे. आज राघवनची शेवटची परीक्षा आहे आणि घेणारा तुमचा मुलगा आहे. विमानाची जबाबदारी अजून त्याचीच.

"तुम्ही माह्यं मन राखाले बोलून राह्यले," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली. मुंबईला वारा होता. विमान जरा हललं, मग सरळ झालं आणि चाकं टेकली ते कळलंसुद्धा नाही. शेजारच्या ओळीतल्या एका पोराने टाळ्या वाजवल्या.

सगळे उतरेपर्यंत आम्ही थांबलो. भोयर बाहेर आला तेव्हा आईने आधी त्याच्या खांद्यावरच्या पट्ट्या बोटाने चाचपल्या. चारही होत्या.

"तू काय केलं मंग तिथं बसून?"

"काई नाई केलं माय," भोयर म्हणाला. "हात मांडीवर ठेवून बसलो होतो पूर्ण रस्ता. हात लावायची पाळीच नाई आली."

"आन् याचे पैसे भेटते?"

"भेटते. जरा जास्तच भेटते."

तिचा जीव भांड्यात पडला हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेवढ्यात राघवन मागून आला. शर्ट घामाने भिजलेला, खांद्यावर अजून तीनच पट्ट्या. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलाला विचारलं, "याले भेटली आता थे खुर्ची? पक्की?"

"पक्की भेटली."

म्हातारीने पदर सारखा केला आणि राघवनजवळ गेली. "मंग उभा काऊन आहे बाबू? तुह्या मायले फोन लाव ना आधी. वाट पाहून राह्यली असन थे."

राघवनने खिशातून फोन काढला.